काना गावचे आमंत्रण

वाचन : योहान 2:1-11

वधूवर दोघांनाही शेतीची व भजनाची आवड. म्हणून मळ्यातच मांडव, जोंधळ्याच्या कणसांची तोरणे आणि टाळ-मृदंगावर नारायण वामन टिळकांची भजने, असा त्यांचा बेत असतो. आपण वडीलधारी मात्र 'लोक काय म्हणतील?' म्हणून कर्ज काढून हॉल घेऊ पाहतो.

प्रिय बंधुभगिनींनो, काना हे खेडेच होते. तेथे द्राक्षारस सरला, तेव्हा प्रभूने घरचेच सहा दगडी रांजण पाण्याने भरावयास सांगितले. साधेपणाची त्याला लाज वाटली नाही.

परंतु तरुणांनो, आपल्या आवडीनिवडीही द्राक्षारसाप्रमाणे एके दिवशी सरतात. काना येथे येशूला आमंत्रण होते, म्हणूनच उणे भरून निघाले. मांडव कोठेही घालू या. पहिले आमंत्रण त्याला देऊ या.