आत्मविचार आणि संतसंवाद

हुडकेश्वर येथे देवदर्शनास आलेला भाविक गाभाऱ्यासमोर क्षणभर डोळे मिटतो. तेव्हा मूर्ती दृष्टीआड होते आणि स्वतःचा स्वतःशी संवाद सुरू होतो. ‘मी कोण?’ हा प्रश्न येथूनच उद्भवतो. त्याचे उत्तर एकांतात शोधावे की सज्जनांच्या सभेत, असा संभ्रम अनेक साधकांना पडतो.

संतचरित्रांत या संदर्भात एक मार्मिक कथा येते. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून काकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक थोपटून पाहिले. सर्व शांत राहिले. नामदेव मात्र रुष्ट झाले. तेव्हा ‘हे मडके कच्चे’ असा निर्णय झाला. ज्यांच्याशी पांडुरंग प्रत्यक्ष बोलत, त्या नामदेवांना हा अपमान असह्य झाला. ते गाऱ्हाणे घेऊन पंढरीस गेले. परंतु विठ्ठलानेही त्यांना गुरूला शरण जाण्यास सांगितले. पुढे औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले आढळले. देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले. नामदेवांनी पाय जेथे ठेवले, तेथे पिंडीच दिसली.

नामदेवांची भक्ती खरी होती, तरी तिच्या आड दडलेला अभिमान त्यांना एकट्याने दिसला नाही. तो सभेने दाखविला. मात्र सभेच्या निर्णयाने ते ज्ञानी झाले नाहीत. त्यासाठी त्यांना स्वतःच चालत जावे लागले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागले. संवाद उणीव दाखवितो, आत्मविचार ती दूर करतो. वेदान्तातील श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रमही हेच सांगतो.

नागपूर-वर्धा मार्गावरील पवनार येथे धाम नदीकाठी आचार्य विनोबा भावे यांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथील भगिनींनी सामूहिक साधनेचा मार्ग स्वीकारला आणि आश्रमाचे निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत पाळली. सर्वसंमतीसाठी प्रत्येकीला आपला आग्रह तपासावा लागतो. तो तपासणे हाच आत्मविचार होय.

भाविकांनी दर्शनानंतर काही काळ मौन बसावे आणि घरी परतल्यावर आप्तेष्टांशी मोकळेपणाने बोलावे. कोणी आपला दोष दाखविल्यास मनात प्रथम क्रोध उठतो की जिज्ञासा, हे प्रामाणिकपणे पाहावे. आपले मडके कितपत भाजले आहे, हे तेव्हाच कळते.