तुलेचे प्रामाण्य

इंदापूर तालुक्यातील वरकुटे गावच्या एखाद्या वृद्धाचे रक्त इंदापुरास किंवा बारामतीस तपासले जाऊन सोडियम-पोटॅशियमचे आकडे लिहिलेला कागद घरच्यांच्या हाती पडतो, तेव्हा त्या आकड्यांवर सर्वांनी जो विश्वास ठेवावयाचा त्याला जामीन कोण, हा प्रश्न वैद्यकाचा तितकाच प्रमाणशास्त्राचाही आहे. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये पोटॅशियम साधारणतः 3.5 ते 5 मिलिमोल असते, आणि एवढ्याशा राशीवर हृदयाचे स्पंदन अवलंबून असल्यामुळे एका यंत्राने 5 व दुसऱ्याने 6 सांगावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

यंत्र खरे सांगते हे ज्ञात मूल्याच्या द्रावणावरून ठरते; त्या द्रावणाचे मूल्य त्याहून श्रेष्ठ अशा संदर्भद्रव्यावरून; आणि त्याचे? नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणवाद्यांना हेच विचारले होते: प्रमाणाला दुसरे प्रमाण हवे असेल, तर अनवस्था कशी टळणार? न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तुलेचा दृष्टान्त येतो आणि वात्स्यायन तो उलगडून दाखवितो. जी तुला सोने तोलते, तीच तुला निश्चित वजनाच्या सोन्याने पारखता येते; त्या वेळी सोने हे प्रमाण होते आणि तुला प्रमेय. प्राचीनांना आजच्या रसायनशास्त्राचे श्रेय देण्याचा माझा हेतू नाही. परंतु संदर्भद्रव्याचे तत्त्व याहून नेमके कोणी सांगितल्याचे मला आढळले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने गोठविलेल्या मानवी रक्तद्रवाच्या प्रमाणित कुप्या याच कार्यासाठी सिद्ध केल्या. मिठाच्या साध्या पाण्यावर बरोबर ठरलेले यंत्र रक्तातील प्रथिने व स्निग्धांश यांच्या सान्निध्यात चुकू शकते, म्हणून पारखणारे द्रव्य सजातीय असावे लागते. त्यातील पोटॅशियम समस्थानिकांच्या साहाय्याने मोजता येते. सोडियमचा स्थिर समस्थानिक मात्र एकच असल्याने तो मार्ग खुंटतो, आणि रक्तद्रवातील सोडियम वेगळे काढून, त्याचा शुद्ध क्षार करून, तो तोलावा लागतो. इतक्या सूक्ष्म विद्येचा शेवट अखेर तुलेपाशीच व्हावा, याने मन विस्मित होते.

ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुरावा येईपर्यंत ते खरेच मानावे, हे मीमांसकांचे मत. प्रामाण्य बाहेरून शाबीत व्हावे लागते, हे नैयायिकांचे. कागद वाचणारा रुग्ण मीमांसकच असणार, कारण संशय घेण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. त्याच्या वाट्याचा संशय प्रयोगशाळेने वाहावा, हा मला तिचा धर्म वाटतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या योजनेतून मूल्य न सांगता आलेले नमुने तपासून आपले उत्तर इतरांच्या उत्तरांशी ताडून पाहणाऱ्या प्रयोगशाळा तोच पाळतात.

तथापि संदर्भद्रव्य यंत्राची ग्वाही देते, नळीतील रक्ताची नव्हे. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते; रक्त काढताना पेशी फुटल्या, किंवा रक्तद्रव वेगळा न करता नळी तासन् तास तशीच राहिली, तर ते बाहेर झिरपते आणि निर्दोष यंत्र रुग्णाच्या शरीरात नसलेले आधिक्य प्रामाणिकपणे नोंदविते. नैयायिक याला कारणदोष म्हणतील. म्हणून खेड्यातून तालुक्याला जाणाऱ्या प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहिली जावी, रक्तद्रव शक्यतो जागच्या जागी वेगळा केला जावा, आणि आकडा व रुग्णाची प्रकृती यांचा मेळ बसत नसेल तेथे हृदयालेख पाहून रक्त पुन्हा काढण्यास कोणी संकोच करू नये.