थुंकलेल्या घासाचे पैसे

इंजिनिअरिंगला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये 'डाएट प्रॉब्लेम' भेटतो. जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने तो 1945 मध्ये मांडला. 77 खाद्यपदार्थ, 9 पोषक घटक, आणि प्रश्न एकच: एका माणसाची वर्षभराची गरज कमीत कमी पैशांत कशी भागवायची? उत्तर आलं 39.93 डॉलर, तेही 1939 च्या भावाने. ताटात पाचच पदार्थ: गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. असं कोणी जेवत नाही हे स्टिगलरलाही ठाऊक होतं. मला गणित मात्र फार आवडलं होतं.

आमच्या ऑफिसशेजारी बांधकाम चालू आहे. तिथल्या एका दीडेक वर्षाच्या पोराच्या हातात सकाळी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा असतो. आमच्या लंच टेबलवरचं मत ठरलेलं: "तेवढ्यात केळं येतं की! अवेअरनेसच नाही." म्हणजे दोष आईचा.

मला हे पटत नाही. आईचा हिशोब चुकलेला नाही, आपण तिच्या अटी धरत नाही. एक तर त्या वयात पोट मुठीएवढं, पातळ भाताने भरून जातं. दुसरं, लहान मूल नवी चव पहिल्याच घासाला घेत नाही. तीच गोष्ट आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पुढे करावी लागते. माझ्या भाचीने नाचणीची पेज, भोपळा, डाळीचं पाणी सगळं आधी थुंकलं, आम्ही त्याचे व्हिडिओ काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले. आमच्याकडे थुंकलेला घास ही गंमत होती. रोजंदारीवरच्या घरात तो वाया गेलेला पैसा असतो, आणि पोर उपाशी राहतं ते वेगळंच. बिस्कीट कधी थुंकलं जात नाही. फ्रिज नसला तरी टिकतं.

पैसे कमी पडले की घरातून आधी फळ जातं, मग दूध, अंडी, डाळ. धान्य राहतं, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक शिधापत्रिकांवर माणशी महिना 5 किलो मिळतं. त्यामुळे पोट रिकामं दिसत नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त 11.3 टक्के निघाली.

यावर कोणी म्हणेल, सुखवस्तू घरांतही हे प्रमाण काही फार चांगलं नाही. खरं आहे. तिथे अज्ञान म्हणा, दुर्लक्ष म्हणा, मी भांडणार नाही. पण माहिती मिळाल्यावर ज्याला वेगळं वागता येतं, त्यालाच अज्ञानाचा दोष देता येतो ना? त्या आईला उद्या आहारतक्ता दिला तर ती त्यातलं काय बदलू शकेल?

मला वाटतं, नासाडी परवडणं हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो खर्च सगळ्यांनी मिळून उचलायला हवा. 1975 पासून अंगणवाडी आहे. तीन वर्षांपुढची मुलं तिथे एकत्र बसून गरम जेवतात. शेजारचा खातोय म्हणून आपणही तोंडात घालून बघतात. त्याखालच्या मुलांना मात्र घरी न्यायचा शिधा मिळतो. घरी भुकेली तोंडं आणखीही असतात, आणि बांधकाम संपलं की घरच दुसऱ्या साइटवर जातं.