म्हातारी मांजर आणि माळकरी

भाविकहो, आजचा विषय लहान आहे, परंतु तो आपल्या दाराशीच बसलेला आहे. घरात एक मांजर असते. दहा-बारा वर्षे तिने कणगीतले धान्य उंदरांपासून राखले. आता दात पडले, सांधे आखडले, माळ्यावर उडी पोचत नाही. मग घरधनी काय करतो? तिला पोत्यात घालतो आणि एखाद्या देवळापाशी सोडून येतो. वर म्हणतो, "देवाच्या दारी सोडली!" अहो, ही देवाला दिलेली नव्हे, देवावर ढकललेली! पाळलेले जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. पण भूतदया वारकऱ्याला कायद्याने शिकवावी काय?

कित्येक माळकरी मांजर टाकीत नाहीत, पण विचारतात, "महाराज, आम्ही माळ घातली. मग मांजरीला मासळी कशी घालावी? दूधभात पुरत नाही का?" प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही खरे द्यावे. नाही पुरत. मांजरीचा देह मांसावरच चालतो. मांसातले टॉरीन नावाचे द्रव्य न मिळाल्यास तिची दृष्टी जाते. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखविले. दूध तर पुष्कळ मोठ्या मांजरींना पचतच नाही.

नाथमहाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. गाढवाने एकादशी केली होती काय, असे त्यांनी विचारले नाही! माळ आपल्या गळ्यात आहे, मांजरीच्या नाही. व्रत घ्यावे ते आपल्या जिभेवर. मुक्या जिवाच्या पोटावर लादू नये. घरात शिजविणे जमत नसेल, तर मांजरीचे तयार खाद्य बाजारात मिळते. त्यातही मांस असते, हे जाणूनच आणावे आणि पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे.

बाकी तिचे मागणे ते किती? परसदारी तुळशीजवळ उन्हाची जागा, जमिनीलगत पोत्याची घडी, पाण्याचे भांडे, आणि कुत्री पोचणार नाहीत असा आडोसा. म्हातारपणी नखे झिजत नाहीत, वाढून पंजात रुततात, ती पहावीत. पाणी फार पिऊ लागली व वाळू लागली, तर गुरांच्या दवाखान्यात दाखवावी. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नये. तिला ती विष आहे.

आणि आषाढीला निघताना? आपण पायी वारीला गेलो म्हणजे दोन-तीन आठवडे दाराला कुलूप. तेव्हा पताका खांद्यावर घेण्याआधी शेजारच्या माउलीला सांगावे, "बाई, आमची म्हातारी सांभाळा." हे सांगितल्यावाचून पाऊल उचलू नये. विटेवरचा देव भक्तासाठी अठ्ठावीस युगे तिष्ठत आहे. आपल्या आश्रितासाठी आपल्याला दोन वर्षे थांबवत नाही काय?

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!