दोन खिडक्या, एक वाक्य

एक अध्यापक रानवाटेने चालला आहे. तोंडाने पाठ म्हणणं सुरू आहे, हातात कमंडलू आहे, डोळे वाटेवर आहेत. कानावर रानातले आवाज येत आहेत. श्वापदाची काही खूण दिसते का, या धास्तीने तो अधूनमधून झाडीकडे बघतो. आणि पोचायचं कुठे आहे, तेही त्याच्या ध्यानात पक्कं आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिताना वात्स्यायनाने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हा माणूस उभा केला, तोही स्वतःच्या विरोधात. समोरच्याचा आक्षेप पूर्ण ताकदीनिशी मांडायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही आपल्याकडच्या शास्त्रकारांची रीत. आक्षेप असा: तुम्ही नैयायिक म्हणता की मनात एका क्षणी एकच ज्ञान उपजतं. मग या अध्यापकाच्या मनात एकाच वेळी इतक्या गोष्टी कशा?

बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक्स सिटीपर्यंतच्या कचेऱ्यांत हा प्रश्न रोज सकाळी टेबलावर येतो. विंडोजची कळ आणि डावा बाण दाबला की वर्डची फाइल स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यात जाऊन बसते. तीच कळ आणि उजवा बाण दाबला की कोड एडिटर उजव्या अर्ध्यात. डावीकडे ग्राहकाने मान्य केलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, उजवीकडे त्याबरहुकूम लिहायचा प्रोग्रॅम. डावीकडचं कलम सांगतं की वापरणारा 30 मिनिटं काहीच न करता बसला तर त्याला लॉगआउट करावं. उजवीकडे एका ओळीत 1800 हा आकडा आहे. ते सेकंद आहेत. साठने गुणलं की हिशेब जुळतो, नजर पुढे सरकते.

पुढच्या कलमात लिहिलंय, ‘पासवर्ड तीन वेळा चुकल्यास खातं बंद करावं.’ कोडमधली अट आहे ‘चुकांची संख्या तीनपेक्षा जास्त असेल तर’. म्हणजे खातं चौथ्या चुकीला बंद होणार. इथे नजर थबकते. कलमाचा अर्थ तिसरी चूक झाल्याबरोबर असा आहे, की तिसरीनंतर आणखी एक झाली तर असा? मराठी किंवा इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात घेऊन सुखाने नांदू शकतं. यंत्राला एकच अर्थ चालतो. डॉक्युमेंट एकटं वाचलं तर ते स्वच्छ वाटतं, कोड एकटा वाचला तर तोही निर्दोष वाटतो. फट दिसते ती दोन्ही शेजारी ठेवल्यावरच.

या दोन विंडोंचे स्वभावही वेगळे आहेत. वर्ड सरळ अवतरणचिन्ह आपणहून वळणदार करून टाकतं. माणसाच्या डोळ्याला ते छान दिसतं. तीच ओळ उचलून एडिटरमध्ये चिकटवली की प्रोग्रॅम अडून बसतो, कारण त्याच्या लेखी ते चिन्ह दुसरंच आहे. उलट, कोडमधलं एखादं नाव वर्डमध्ये आणलं की त्याखाली लगेच लाल नागमोडी रेघ उमटते. एक विंडो माणसाला समजावण्यासाठी, दुसरी यंत्राकडून करवून घेण्यासाठी. काम करणाऱ्याचं मन मात्र या दोघींमध्ये मिळून एकच.

खिडक्या शेजारी मांडायची कल्पना नवी नाही. नोव्हेंबर 1985 मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या, फरशांसारख्या कडेला कड लावून बसत. एकीवर एक ठेवायची सोय 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत आपलं केंद्र उघडलं तेही 1985 मध्येच. 1981 साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने त्याच्या दोन वर्षं आधीच आपलं बिऱ्हाड बेंगळुरूला हलवलं होतं. महाराष्ट्रातली हजारो तरुण मुलंमुली पुढे ज्या रस्त्याने बेंगळुरूला गेली, त्याची सुरुवात त्या सुमाराची.

आता नैयायिकांचं उत्तर. मन अणू आहे, एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, आणि एकाच वेळी अनेक ज्ञानं न उपजणं हीच मनाच्या अस्तित्वाची खूण. मग सगळं एकदम होतंय असं का वाटतं? कोलीत गरगर फिरवलं की अंधारात अग्नीचं अखंड कडं दिसतं. कडं कुठेच नसतं. ठिणगी एका जागेवरून दुसऱ्या जागी इतक्या वेगाने जाते की मधला क्रम नजरेतून सुटतो. मनाचंही तसंच. वात्स्यायन पुढे जी पुस्ती जोडतो ती तर वाचनाच्या धंद्यातल्या कुणालाही चटकन पटावी. वाक्य ऐकताना अक्षरं एकामागून एक येतात, त्यांची पदं होतात, पदांचे अर्थ आठवतात, त्यांतून वाक्याचा अर्थ लागतो. एवढी उतरंड होऊनही आपल्याला वाटतं की वाक्य ऐकलं आणि कळलं.

ज्या यंत्रावर या दोन खिडक्या दिसतात ते यंत्रही बराच काळ नैयायिकांच्या मनासारखंच चालत होतं. एकच कोर असलेला प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो. काही मिलिसेकंद वर्डला, काही एडिटरला, मग पुन्हा वर्डला, अशी वाटणी ऑपरेटिंग सिस्टिम करते, आणि बघणाऱ्याला दोन्ही जिवंत दिसतात. घरगुती संगणकांत दोन कोरचे प्रोसेसर आले ते 2005 च्या सुमाराला. माणसाच्या बाबतीत तशी सुधारणा अजून झालेली नाही.

पण हे उत्तर बौद्धांना मान्य नव्हतं, आणि त्यांची हरकत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आठव्या शतकातल्या शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ 1926 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत छापला गेला. त्यातला युक्तिवाद असा: नर्तकी पाहणारा माणूस तिचं नृत्य बघतो तेव्हाच गाणंही ऐकतो, हा अनुभव सरळ आहे, तो नाकारायचा कशासाठी? आणि वेगामुळे क्रम हरवतो म्हणावं, तर ‘लता’ आणि ‘ताल’ या शब्दांतली अक्षरंही झरझर येतात. तिथेही क्रम हरवला पाहिजे, दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले पाहिजेत. तसं तर होत नाही. प्रोग्रॅमरला या हरकतीचं वजन विशेष कळेल. आधी तपासा मग उघडा, आणि आधी उघडा मग तपासा, यांतला फरक म्हणजे त्याचं अख्खं काम. भाट्ट मीमांसक तर मनाला अणू मानायलाच तयार नाहीत, ते त्याला विभू, म्हणजे सर्वव्यापी, म्हणतात.

वाद तिथे मिटला नाही, पण अलीकडच्या मानसशास्त्राचा कौल निदान अवघड कामांपुरता नैयायिकांच्या बाजूला झुकतो. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला की लक्षाचा काही अंश पहिल्या कामात अडकून राहतो, आणि दुसऱ्या कामात माणूस त्या मानाने कमी पडतो. मग बेंगळुरूच्या त्या टेबलावर दोन विंडो शेजारी लावणं ही मनाची फाळणीच म्हणायची का?

नाही. आणि याचं कारण सापडतं ते मीमांसेत. वेदांतली वाक्यं जिथे गद्यात सलग आली आहेत तिथे एक वाक्य कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे कसं ठरवायचं, असा प्रश्न जैमिनीपुढे होता. यज्ञ त्यावर अवलंबून होता, त्यामुळे उत्तर काटेकोर हवं होतं. त्याने दोन कसोट्या दिल्या. सगळ्या पदांचं प्रयोजन एक असलं पाहिजे. आणि ती तोडून वेगळी केली तर प्रत्येक तुकड्याला दुसऱ्याची आकांक्षा उरली पाहिजे. दोन्ही कसोट्या लागल्या तर ते एक वाक्य. एका वाक्याचा अर्थ लागत असताना त्याची दोन करणं, म्हणजे वाक्यभेद, हा मीमांसकांच्या लेखी दोष आहे.

ही कसोटी स्क्रीनला लावून पाहावी. ‘तीन वेळा चुकल्यास’ या कलमाला आकांक्षा आहे की म्हणजे नेमकं कधी. ‘तीनपेक्षा जास्त’ या अटीला आकांक्षा आहे की असं का. दोहोंचं प्रयोजन एक, एकावाचून दुसरं अपुरं. खिडक्या दोन असल्या तरी वाक्य एक आहे, आणि मन इकडून तिकडे जातं ते वाक्य वाचताना एका पदावरून पुढच्या पदावर जावं तसं. नैयायिकही इतकी मोकळीक देतात. घट आणि पट एकाच ज्ञानात एकत्र भासू शकतात, त्याला ते समूहालंबन ज्ञान म्हणतात. मन एकच, ज्ञान एकच, विषय दोन. 1992 मध्ये चँडलर आणि स्वेलर यांनी शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतून हेच दुसऱ्या बाजूने पुढे आलं. एकमेकांवाचून न कळणारी माहिती लांब लांब ठेवली तर एक तुकडा डोक्यात धरून दुसरा शोधावा लागतो आणि समज घटते. ती जवळ आणली की तो भार उतरतो. दुसरी विंडो कोडखाली झाकून ठेवून, आठवणीने कलम गाठणाऱ्याचं मन जास्त दुभंगलेलं असतं.

खरा वाक्यभेद होतो तो कोपऱ्यात चॅटचा चौकोन उगवला की. त्याचं प्रयोजन वेगळं, त्याची आकांक्षा वेगळी.

अशा व्यत्ययात मनाचा मुद्दाम लावलेला कसही बेंगळुरूत पाहायला मिळतो. बसवनगुडीत 1945 मध्ये डी. व्ही. गुंडप्पांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने एक संस्था सुरू केली. तिथे ज्यांची व्याख्यानं नेमाने होत आली आहेत ते शतावधानी आर. गणेश शिक्षणाने अभियंता, आणि कन्नडमध्ये अवधानकलेला पुन्हा उभारी देण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं. हजाराहून जास्त अष्टावधानं त्यांनी केली आहेत. अष्टावधानात आठ पृच्छक बसतात. एक समस्येची ओळ देतो, एक ठरावीक शब्द गुंफायला सांगतो, एक पुढचं अक्षर कुठलं नको हे दर अक्षराला बजावतो, एक मध्येच संख्यांच्या चौकटीतलं एखादं घर भरून मागतो. आठवा पृच्छक अप्रस्तुतप्रसंगाचा. त्याचं काम भलतंसलतं विचारून अवधानीचं लक्ष उडवणं.

दुरून पाहणाऱ्याला वाटतं की हा माणूस आठ कामं एकदम करतो. जवळ बसून पाहिलं की क्रम दिसतो. एका फेरीत एका पृच्छकाला श्लोकाचा एकच चरण मिळतो, मग दुसऱ्याची पाळी. चार फेऱ्यांनी श्लोक पुरे होतात आणि शेवटी सगळे धारणेतून पुन्हा म्हणून दाखवायचे असतात. म्हणजे एकेका क्षणी मन एकाच ठिकाणी आहे. अवघड आहे ते अर्धा सोडलेला श्लोक न विस्कटता ठेवणं. लेरॉय ज्याला अडकलेलं लक्ष म्हणतात, तेच अवधानी साधनेने ताब्यात आणतो. अप्रस्तुतप्रसंगाला तो उत्तर देतो, तेही रंगवून देतो, पण त्याला श्लोकात शिरू देत नाही.

भक्तीच्या वाटेने गेलेल्यांनी मात्र हा प्रश्न मुळातच वेगळा मांडला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. रामकली रागातल्या एका पदात पतंग उडवणारा मुलगा आहे, तो सवंगड्यांशी बोलतो पण चित्त दोरीवर. डोक्यावर भरल्या घागरी घेतलेल्या बायका हसत-बोलत येतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. आई घरभर कामं उरकते, चित्त पाळण्यातल्या बाळावर. यात कुठेही मन इकडून तिकडे उडी मारत नाही. हात एका कामात आहेत, मन अखंड दुसरीकडे आहे, आणि तरीही काम बिघडत नाही. नामदेवांच्या मते संसारात राहून हरिस्मरण शक्य आहे याचा पुरावाच हा.

नैयायिक यावर विचारेल की मन पाळण्यापाशी असेल तर घरकाम कोण करतं. वैशेषिकांकडे उत्तर तयार आहे: संस्कार. सवयीने मुरलेली क्रिया दर वेळी मनाची परवानगी मागत नाही. ते उत्तर दोन विंडोंपुढे बसलेल्यांनाही लागू पडतं. दहा वर्षं कोड लिहिलेल्या माणसाची बोटं कंस आणि अर्धविराम आपोआप टाकतात, ओळींचं समासांतर आपोआप पाळतात. त्याचं मन डावीकडच्या कलमावर, आणि त्या कलमाच्या मागे असलेल्या वापरणाऱ्यावर ठेवायला मोकळं असतं. महिन्यापूर्वी रुजू झालेल्या मुलीला उजवीकडचं प्रत्येक चिन्ह ध्यान देऊन लिहावं लागतं. तिची मांडणी तीच, स्क्रीन तीच, पण डावी विंडो तिला बराच काळ नुसती दिसते. शेजारच्या टेबलावरचा कुणी जाणता माणूस खुर्ची सरकवून तिच्याकडे येतो, डावीकडचं कलम मोठ्याने वाचतो आणि तिला उजवीकडची ओळ वाचायला सांगतो.