पक्षी उडाला नाही म्हणून

मावळ आणि समुद्रकिनारा यांचं नातं घाटापाशी तुटत नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवता या टाटांच्या तलावांचं पाणी डोंगरउतारावरच्या नळांतून १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघरात उतरतं, तिथून पाताळगंगेत जातं आणि धरमतरच्या खाडीला मिळतं. हिवाळ्यात या पाण्याच्या दोन्ही टोकांना उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. वर तलावांच्या काठी तुतवार आणि धोबी. खाली अलिबागजवळच्या आक्षीच्या वाळूवर कुरव, सुरय, चिखल्या, कालवफोड्या. सुट्टीच्या दिवशी पहाटे दोन्हीकडे लांब लेन्स घेतलेली माणसंही दिसतात. त्यांच्याबद्दल लोकांचं मत चांगलं आहे, आणि त्याला आधारही आहे: ती मारत नाहीत, पकडत नाहीत, पाहतात आणि फोटो काढतात. पण पाहणं आपोआप अहिंसक ठरतं का? हा मुळात धर्माचा प्रश्न आहे, आणि तो मावळात विचारायला विशेष कारण आहे.

ते कारण म्हणजे इथली लेणी. कार्ले, भाजे आणि बेडसे इथल्या विहारांमागे एक जुना नियम उभा आहे, वर्षावासाचा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी राहायचं. हा नियम का झाला, ते विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात सांगितलं आहे. लोकांची तक्रार होती की हे श्रमण भर पावसातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे साधूसुद्धा या दिवसांत थांबतात, पक्षीही झाडाच्या शेंड्यावर घरटं करून राहतात, मग यांनाच काय झालं? या तक्रारीचं मोल मला फार वाटतं. भिक्षूंच्या मनात हिंसा नव्हती, ते धर्मासाठीच चालत होते. तरीही त्यांच्या हेतूकडे बोट दाखवून लोकांची समजूत काढली गेली नाही. खाली बघून जपून चाला, एवढ्यावरही भागवलं नाही. चालणंच थांबवलं, आणि तेही ऋतूकडे पाहून. चांगल्या माणसाच्या चांगल्या कामानेही इजा होते, आणि ती टाळायची तर सद्भावना पुरत नाही, आधी ठरवून घेतलेली मर्यादा लागते, असा विचार या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी रोजच्या वागण्यात उतरला होता.

यावर कोणी म्हणेल, पाऊल आणि नजर यांत फरक आहे. नजरेने काही चिरडलं जात नाही. खरं आहे, पण नजर पायांवरूनच पक्ष्यापर्यंत पोचते. ओहोटीच्या वेळी ओली वाळू उघडी पडते, तेवढेच तास चिखल्या-तुतवारांना चरायला मिळतात. भरती आली की ते कोरड्या वाळूवर दाटीने विसावतात आणि मिळवलेली शक्ती राखतात. परतीच्या प्रवासाआधी काही जातींना आपलं वजन दीडपटीच्याही पुढे न्यावं लागतं. थवा एकदा उठवला की चरण्याचा वेळ जातो आणि साठवलेली चरबीही जळते. आपण उठवलं ते एकदाच, हे समाधान खोटं आहे. प्रत्येक माणूस आपल्यापुरता एकदाच येतो, पण त्या थव्याला सकाळपासून आलेल्या सगळ्यांना तोंड द्यावं लागतं. लोणावळ्याची सुट्टीतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

मग पक्षी उडाला नाही, तर पाहणं निर्दोष म्हणावं का? बहुतेक पक्षिनिरीक्षक हीच कसोटी लावतात, आणि तिला आपल्या परंपरेतही आधार सापडतो. महिपतींनी सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात एक कथा आहे. तुकोबांना पाहून पाखरं भुर्रकन उडाली. तुकोबांनी दोष पाखरांच्या भित्रेपणाला दिला नाही. आपल्याच मनात अजून भेद उरला असला पाहिजे, असं मानलं आणि ती परत येऊन अंगाखांद्यावर बसेपर्यंत ते निश्चल उभे राहिले. भीतीचा जाब स्वतःला विचारण्याची ही वृत्ती मोठी आहे. पण त्या कथेतून आज सोयीचा अर्थ काढला जातो: पक्षी शांत आहे, म्हणजे त्याने मला स्वीकारलं आहे. इथे विज्ञान वेगळंच सांगतं. ब्रिटनच्या किनाऱ्यावर टर्नस्टोन या हिवाळी पाहुण्यांवर केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पक्ष्यांना जादा खाद्य दिलं, काहींना दिलं नाही, आणि मग माणूस त्यांच्याकडे चालत गेला. ज्यांना खाद्य मिळालं होतं ते लवकर उडाले आणि लांब गेले. ज्यांना मिळालं नव्हतं ते जास्त वेळ जागीच राहिले, कारण चरणं सोडून उडणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणजे सर्वांत जवळ येऊ देणारा पक्षी सर्वांत अडचणीतला असू शकतो. आपण ज्याला विश्वास समजतो, ती त्याची भूक असू शकते. पक्ष्याच्या गप्प राहण्यावरून आपली निर्दोषता सिद्ध होत नाही, आणि म्हणून ही कसोटी सोडून वर्षावासाकडेच यावं लागतं: समोरच्या जीवाच्या तक्रारीची वाट न पाहता आपणच थांबायचं.

सर्वांत वजनदार आक्षेप याच्या पुढचा आहे. फोटो काढणाऱ्यांमुळेच पक्षी वाचतात, असं म्हटलं जातं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पूर्वीचे पक्षितज्ज्ञ बंदुकीने नमुने गोळा करत; सलीम अलींनीही केले. त्याच सलीम अलींनी आक्षीपासून फार लांब नसलेल्या किहीमला महिनोन्‌महिने सुगरणींकडे नुसतं पाहून १९३० च्या सुमारास त्यांच्या संसाराचा मूलगामी अभ्यास मांडला. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, ही नैतिक प्रगतीच आहे. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली, त्यामागे लोकांना त्या पक्ष्यांचं लागलेलं वेड अजिबात नव्हतं, असं कोण म्हणेल? पण जातीची ओळख पटायला, संख्या मोजायला, लोकांच्या मनात माया रुजायला लांबून घेतलेला साधा फोटो पुरतो. थवा एकदम उठावा म्हणून वाळूवरून धावत जाणं, कुरवांना शेव उधळणं, हे कशाला लागतं? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं हेही घातलं आहे. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की हातात बंदूक नसतानाही माणूस शिकारी असू शकतो.

भाविक मन आणखी एक गोष्ट म्हणेल: पक्षी पाहणं हे दर्शनच आहे आणि दर्शनाला जवळीक हवी. हा भाव मला खोटा वाटत नाही. पण पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेशेजारी मुखदर्शनाचीही रांग असते, आणि तिथेही पोचता आलं नाही तर वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतो. त्याची वारी अपुरी राहिली, असं कोणी मानत नाही. शिवाय विठोबा भक्तासाठी विटेवर उभा आहे, अशी आपली श्रद्धा आहे. चिखल्या आपल्यासाठी आलेला नाही. तो पोट भरायला आला आहे, आणि त्याच्याकडे तेवढेच तास आहेत.

म्हणजे जायचंच नाही, असं मी म्हणत नाही. भिक्षूही उरलेले महिने चालतच होते, आणि वर्षावासातसुद्धा कोणी आजारी असलं, कोणी गरजेसाठी बोलावलं, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जायची मुभा होती. नियम गरज ओळखत होता. आजच्या पक्षिनिरीक्षकाचीही अशी गरज असते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्या आकड्यांवरून पाणथळ जागा राखता येतात, आणि त्यासाठी कोणाला तरी तलावाच्या काठी आणि भरतीच्या वाळूजवळ जावंच लागतं. ती माणसं दुर्बिणीने, लांबून, मोजून परत येतात. त्यांनी जरूर जावं. ज्याच्याकडे त्याच पक्ष्याचे फोटो आधीच आहेत आणि ज्याला आता फक्त पंख उघडलेला हवा आहे, त्याने त्या भरतीपुरतं तरी किनाऱ्यावर पाऊल ठेवू नये.