‘राहत नाय’ म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस डोलवीतल्या एका गोठ्यात उभी होते. मागच्या बाजूला खाडीकडे उतरत गेलेली खाराची शेतं, पुढे मुंबई–गोवा महामार्ग आणि मान वर केली की पोलाद कारखान्याची धुरांडी. दावणीला एक तांबूस, बुटकी, चमकत्या कातडीची गाय. गोठ्याच्या मालकीण काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “तीनदा भरवली, राहत नाय. वांझच हाय ती. आता सोडून द्या म्हणतात घरात.”

मी विचारलं, “याआधी कधी व्याली होती?” काकींनी आठवून पाहिलं. दोन वर्षं झाली असतील, कदाचित तीन. महिना आठवेना. “भरवली ती कोणाकडून?” पहिल्यांदा गावातल्या मोकाट वळूकडून, मग दोनदा इंजेक्शनने. इंजेक्शनची कांडी कोणत्या वळूची होती, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मोकाट वळूचा बाप कोण, आई कोण, त्याच्याकडून भरवलेल्या इतर गाई राहिल्या की उलटल्या, याचीही कुणाकडे नोंद नव्हती. एवढ्या अज्ञानातून निकाल मात्र एकीवरच लागला होता. तो सुनावणीशिवाय लागला होता आणि त्यासाठी एकच शब्द पुरला होता.

तो शब्द मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझ्या आजोळी एका आजीला गाव वांझोटी म्हणायचं. तिच्या नवऱ्याने दुसरी केली. दुसरीलाही मूल झालं नाही. तरी तो शब्द त्या दोघींनाच चिकटून राहिला, नवऱ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. हळदीकुंकवाला त्या दोघी दाराशी थांबायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मूल न होण्याचं कारण पुरुषात असू शकतं, अनेकदा असतंच, हे आपल्या घरांना समजायला फार उशीर झाला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. गोठ्यात ते अजून समजलेलं नाही.

गायीचं आणि वळूचं गणित मांडून पाहा. चांगली निभावलेली गाय आयुष्यात सहा-सात वेतं देते. तिच्या रक्तात एखादा दोष असला तर तो त्या सहा-सात वासरांपुरता. गावात मोकळा फिरणारा वळू वर्षाला कित्येक गाई भरवतो, आणि वीर्यकेंद्रावरच्या वळूच्या तर हजारो, लाखो रेतमात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर साठवून जिल्ह्याजिल्ह्यांत जातात. म्हणून वंश सुधारायचा असो की बिघडवायचा, जबाबदारीचा मोठा वाटा बापाकडे जातो. अमेरिकेत १९६२ साली चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू जन्मला. दुधाच्या बाबतीत इतका उत्तम की त्याच्या सुमारे सोळा हजार मुली झाल्या आणि नाती पाच लाखांवर गेल्या. त्याच्या एका जनुकात बिघाड होता. एकाच बाजूने आला तर तो बिघाड दिसत नाही, आई आणि बाप दोघांकडून आला तर गर्भ पोटातच मरतो. नाती-पणत्यांचा त्याच वंशातल्या वळूंशी संयोग होऊ लागला, तेव्हा गाई गाभडू लागल्या. त्या एका जनुकामुळे जगभरात पाच लाखांहून जास्त गर्भ गेले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि ही सगळी दशकं त्या एकेका गोठ्यात गायच सदोष ठरत होती.

आपल्याकडे एवढा मोठा वळू नाही, पण तोच प्रकार लहान आकारात रोज घडतो. खारातल्या गावात एकच वळू सात-आठ वर्षं फिरतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्याच मुली माजावर येतात आणि तोच त्यांना भरवतो. बाप-लेकीच्या अशा संयोगातून जन्मलेल्या वासराच्या जनुकांच्या जोड्यांपैकी सरासरी एक चतुर्थांश जोड्यांत दोन्ही बाजू एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. दडून राहिलेले दोष तिथे उघडे पडतात. वासरं अशक्त निघतात, कालवडी उशिरा माजावर येतात, गाभण राहिलेल्या गाभडतात. माणसांच्या लग्नात सगोत्र टाळण्यासाठी पिढ्यांची नावं पाठ ठेवणारा आपला समाज. त्याच समाजाने गोठ्यात बाप-लेकीचा संबंध वर्षानुवर्षं चालू दिला. तो कुणी वाईट हेतूने दिलेला नाही, त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पण लक्ष न देणं हाही दोषच आहे, आणि तो आपला आहे.

गुणसूत्रांचीही अशीच गोष्ट. १९६४ साली स्वीडनमध्ये गाई-बैलांत एक दोष सापडला, पहिलं आणि एकोणतिसावं गुणसूत्र एकमेकांना चिकटलेलं. असा वळू दिसायला धडधाकट, माजाला तयार, वजनदार. फक्त त्याच्याकडून भरवलेल्या काही गाई विनाकारण उलटतात. म्हणूनच केंद्र सरकारच्या नियमांनुसार वीर्यकेंद्रावरच्या वळूची गुणसूत्रं आणि काही आनुवंशिक रोग तपासूनच त्याचं रेत वापरता येतं. गावातल्या वळूला मात्र रुंद छाती आणि उंच वशिंड एवढ्याच पात्रतेवर आपण गावाचा बाप करून टाकतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर आनुवंशिकतेच्या नावाखाली दुसरी अंधश्रद्धा उभी राहील. गाय पहिल्या भरवण्यात राहील की नाही, दोन वेतांत किती अंतर पडेल, या गोष्टींवर वंशाचा वाटा थोडा असतो. जगभरच्या अभ्यासांत तो बहुधा शंभरात दहाच्या आत निघतो. उरलेले नव्वद भाग कुठे आहेत? ते बरेचसे आपल्या हातात आहेत. कोकणातली गाय उन्हाळाभर भाताच्या पेंढ्यावर जगते. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, फॉस्फरस अगदी कमी. मुरमाड, पावसाने धुऊन निघालेल्या आपल्या जमिनीतही फॉस्फरस दुर्मीळच. अशा गायीचा माज मुका राहतो. त्यात देशी गायीचा माज संकरित गायीपेक्षा कमी वेळ टिकतो आणि पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी, हा साधा नियम. तो पाळायला रात्री कंदील घेऊन गोठ्यात जावं लागतं. ब्रुसेलोसिस नावाचा सांसर्गिक गर्भपात तर एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना एक लस दिली की ती त्यातून सुटते, आणि तरी कित्येक कालवडी लसीविना वाढतात. हे सगळं झाल्यावरही गाय राहिली नाही, तर मग वंशाचा विचार करावा.

पण काही गुणांत वंशाचा वाटा मोठा निघतो, आणि ते गुण शोधले आहेत मुख्यतः मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांनी. हे ऐकून कुणी तोंड फिरवू नये. त्या गुरांच्या कळपात गायीचं काम एकच, वर्षाला एक वासरू. दूध काढायचं नसतं, नांगर ओढायचा नसतो. त्यामुळे प्रजननक्षमतेचा तिथे फार बारीक हिशोब ठेवला जातो. आपली कोकणची गायही याच अर्थाने वासराची गाय आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देणारी ही गाय आपल्या पूर्वजांनी दुधासाठी ठेवली नव्हती. चिखलात न रुतणारे, धो-धो पावसात न आजारणारे बैल तिच्या पोटी जन्मावेत म्हणून ठेवली होती.

ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागात ब्राह्मन जातीच्या कालवडींचा अभ्यास झाला. कालवड पहिल्यांदा कोणत्या वयात माजावर येते, यातला निम्म्याहून थोडा जास्त फरक वंशातून येतो असं त्यात दिसलं. वळूच्या वृषणाचा घेरही बऱ्याच अंशी वंशाने ठरतो. साधी फीत लावून तो मोजता येतो, आणि ज्या वळूचा घेर वयाच्या मानाने मोठा, त्याच्या मुली लवकर वयात येतात. हे शब्द उच्चारायला आपल्याला संकोच वाटतो, वळूला देवाला सोडलेलं जनावर म्हणताना वाटत नाही. ब्राझीलमध्ये नेलोर कालवडींतून चौदा महिन्यांच्या वयात गाभण राहणाऱ्या निवडून पिढ्यांमागून पिढ्या लवकर येणारा वंश घडवला जातो आहे. आपल्या गोठ्यात मात्र कालवड चार वर्षांची होऊन व्याली तरी आपण तिला वेळेवरची म्हणतो.

आणि ही ब्राह्मन आणि नेलोर आली कुठून? नेलोर म्हणजे आंध्रची ओंगोल. ब्राह्मनच्या रक्तात गुजरातची गीर आणि कांकरेज आहेत, ओंगोल आहे, आणि आपली कृष्णाखोऱ्याची गायही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सांगली, मिरज, कोल्हापूर या बाजूच्या संस्थानिकांनी काळ्या मातीत नांगर ओढण्यासाठी ती जात मुद्दाम घडवली. आज तिचे कळप शोधत फिरावं लागतं. तिचे वंशज समुद्रापलीकडे गेले, तिथे त्यांच्या प्रत्येक वेताची तारीख लिहिली गेली, त्या तारखांतून त्यांची निवड झाली आणि त्यांची भरभराट झाली. जी मागे राहिली तिची तारीख कुणी लिहिली नाही. गायीला माता म्हणणाऱ्या भूमीत ही गोष्ट घडली, याची मला मनापासून लाज वाटते.

महाराष्ट्रात तर ही जबाबदारी दुपटीने येते. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. हा कायदा योग्य की अयोग्य, यावर इथे वाद घालायचा नाही. त्याचा परिणाम मात्र पाहिला पाहिजे. मांसाची गुरं पाळणारा शेतकरी न राहणारी गाय कळपातून काढतो, त्यामुळे त्याच्या कळपात निवड आपोआप होत राहते. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे. म्हणजे आपल्याला निवड आधी करावी लागणार, गाय जन्माला येण्यापूर्वी, तिचा बाप निवडताना. ती आपण करत नाही, मग न राहणारी गाय दावणीवरून सोडून देतो. वडखळ ते डोलवी या पट्ट्यात रात्री महामार्गाने प्रवास करा. ट्रेलरच्या दिव्यांत रस्त्याच्या मध्यावर बसलेल्या गाई दिसतील. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला राज्यमाता म्हणून जाहीर केलं. त्यातल्याच काही राज्यमाता प्लास्टिक चघळत त्या डांबरावर बसलेल्या असतात.

आपल्या कोकणच्या गायीला ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली ती २०१८ साली. शतकानुशतकं जी गावठी म्हणून हिणवली गेली तिला नाव मिळालं, याचा आनंद मोठा आहे. पण नाव मिळालं म्हणजे वंशावळ मिळाली असं नव्हे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथे देशी गुरांची जनुकं वाचणारी ‘गौ चिप’ देशाला दिली गेली. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशींतूनही अशी चिप जनावराची हजारो जनुकीय चिन्हं वाचू शकते. पण त्या चिन्हांपैकी कोणतं चांगलं आणि कोणतं वाईट, हे चिपला स्वतःहून कळत नाही. हजारो गाई कधी माजावर आल्या, कितव्यांदा राहिल्या, कधी व्याल्या, कधी गाभडल्या, याच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच चिप बोलते. ती नोंद डोलवीच्या काकींच्या गोठ्यात जन्मते, वाशीमला किंवा दिल्लीला नाही.

नोंद ठेवायला काय लागतं? गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला आता असतोच. भरवल्याचा दिवस, कांडीवरचा वळूचा क्रमांक, उलटली तर एकविसाव्या दिवसाच्या आसपासची तारीख, व्याली तर वासरू नर की मादी. हे बिल्ल्याच्या आकड्यासमोर सरकारी नोंदीत चढवून घेणं हा आपला हक्क आहे, आणि मागून घेतल्याशिवाय तो मिळणार नाही. रेतनाला आलेल्या माणसाला कांडीचा क्रमांक विचारायला लाजू नये. गावाने आपला वळू दर तीन वर्षांनी शेजारच्या गावाशी बदलावा. जो पाडा वळू म्हणून ठेवायचा त्याची आई दर वर्षी-सव्वा वर्षाला व्याली आहे ना, हे आधी पाहावं, आणि बाकीचे पाडे वेळीच खच्ची करावेत. रायगडच्या किनाऱ्यावर शर्यतीच्या बैलाचा बाप कोण हे पोरंसुद्धा सांगतात, त्याच्यासाठी लाख मोजतात. त्याच बैलाच्या आईची वेतं किती झाली हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. हा एक प्रश्न शर्यतीच्या मैदानात विचारला जाऊ लागला तर दहा वर्षांत या किनाऱ्यावरची गाय बदलेल, अशी माझी खात्री आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जनावरांच्या हानीबद्दल कळवळून लिहिलं आहे, आणि इतर देशांतून उत्तम शेळ्यामेंढरांची बेणी आणावीत असंही सुचवलं आहे. बेणं शब्द किती नेमका आहे! ऊस लावताना आपण कांडी निवडतो, भात पेरताना बियाणं पाखडतो. गायीच्या बाबतीतच बेण्याचा विचार आपण सोडून दिला.

काकींच्या गाईला सरकारी दवाखान्यातून खनिज मिश्रण आणलं, गोचीड काढले, पेंढ्याबरोबर थोडा हिरवा चारा सुरू केला. वांझ हा शब्द वर्षभर वापरायचा नाही, एवढं काकींनी माझ्यासाठी कबूल केलं. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर गॅसची टाकी कधी लावली ते लिहिलेलं असतं, दुधाचा हिशोब असतो, चतुर्थीला लाल गोल असतो. आता तिथे गायीसाठी निळं पेन ठेवलं आहे. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी रात्री अकराला माजावर, अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, आणि त्याखाली काकींच्या वळणदार अक्षरात वळूचा क्रमांक. त्यानंतरच्या एकविसाव्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी फक्त एक टिंब देऊन ठेवलं आहे.